जोत्यावरचा भात

१२ मे, मंगळवार

निघालो एकदाचे! सकाळी सहाला निघायचं होतं, निघालो साडेनऊला. त्याला कारण मीच, हे धनराज पंचवटीपासून गंगापूर धरणापर्यंत एक शब्द न बोलता सांगत होता. न बोलून सांगणं त्याला फार छान जमतं.

गाडी म्हणजे त्याचा छोटा हत्ती. देवळ्याहून कांदे आणतो तोच. हौदा दोनदा धुतला, वर ताडपत्री बांधली, आत गादी, स्टोव्ह आणि आमचा संसार, म्हणजे कपड्यांच्या दोन गोण्या. तरी वास कांद्याचाच. सोमवारी गाडी परत द्यायचीय. उन्हाळी कांदा निघालाय आणि नवरा-बायको गाडी घेऊन धरणं बघत फिरतायत, म्हणून त्याच्या मोठ्या भावाच्या पोटात दुखतंय.

ठरलंय असं — शनिवारपर्यंत वैतरणा, भावली, जमलं तर भंडारदरा. रविवारी आबांकडे. धरणं मी ठरवली. रविवार धनराजने.

आबा म्हणजे माझे वडील. आबांकडे म्हणजे पेठच्या डोंगरात, आमच्या बुडालेल्या गावात. हे नीट लिहूनच ठेवते, नाहीतर माझं मलाच विसरायला बरं पडतं. गाव धरणात गेलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मे महिन्यात पाणी आटलं की घरांची जोती वर येतात. आमच्या जोत्यावर चुलीचे तीन दगड अजून जागच्या जागी आहेत. गावात लेकीचं लग्न झालं की जावयाने तिच्या माहेरच्या चुलीवरचा भात खायचा. खाल्ला की लेक दिली. नाही खाल्ला तर दिली नाही, मग तुम्ही कोर्टात सह्या करा नाहीतर हेलिकॉप्टरमधून फुलं टाका! बाकी सगळ्यांनी आपापल्या चुली वरच्या गावठाणात नेल्या. आबांनी नाही नेली. घरात गॅसवर शिजवतात. चूल हलली की घर मोडलं, म्हणतात. म्हणून आमच्या घरचे जावई उन्हाळ्याची वाट बघतात.

आम्ही दिवाळीत कोर्टात लग्न केलं. आबांना नंतर फोन केला. त्यांनी ठेवला तो ठेवलाच. मग सावित्रीआत्याकडून, म्हणजे त्यांच्या बहिणीकडून, निरोप आला — 'यंदा जावयाला घेऊन जोत्यावर आली तर आली. नाय तर मला लेक व्हती आन् गेली, असं धरीन.'

रविवारी. त्याआधी पाच दिवस आहेत.

पेठ रोडला लागलो असतो तर दुपारच्या आत पोचलो असतो. आम्ही त्र्यंबककडे वळलो. मीच म्हटलं वळ.

रात्री जेवायला धाब्यावर धनराजने भात मागवला. नुसता वरण-भात! बाजरीच्या भाकरीवर वाढलेला माणूस हा. भाताला आजाऱ्याचं जेवण म्हणतो. काय रे, म्हटलं. 'पोट बिघडलंय.'

१३ मे, बुधवार

वैतरणा. पाणी इतकं आत गेलंय की किनाऱ्यावरून तळ्यापर्यंत चालत जायला दम लागतो. मध्ये तडकलेला चिखल. एका वाळल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, जसे काही सगळ्यांनी एकदम धुणं वाळत घातलंय. मी बघत बसले. किती वेळ, माहीत नाही. धनराज हॉर्न वाजवत होता म्हणे. मला ऐकू आला नाही.

'काय शे तठे एवढं?' म्हणाला. चिडला की त्याची अहिराणी बाहेर येते.

म्हटलं, पाणकावळे.

'पाणकावळे काल गंगापूरला पण होते.'

ते वेगळे होते, म्हटलं. तो हसला नाही.

मग करवंदं. रस्त्याकडेला एक बाई पानाच्या द्रोणात घेऊन बसलेली. तिच्याशी बोलता बोलता कळलं की तिची लेक नाशिकमध्ये मी जिथे होते त्याच कॉल सेंटरला आहे! मी तिथे दोन महिने टिकले. त्याआधी पेट्रोल पंप, त्याआधी द्राक्षाचं पॅकिंग, त्याआधी बारावी — तीही अर्धीच. बाई म्हणाली, 'माझी पोरगी टिकून हाय हो.' लागलं मला ते. उगीच.

दुपारी खोलीवरून भांडण. दिवाळीपासून आमची ही तिसरी खोली आणि तीही मी सोडली. भिंतीला ओल होती. बरं, ओल नव्हती. मला रोज सकाळी तोच नळ, तीच खिडकी बघून कसंतरी व्हायला लागतं. आता ओझरला फॅक्टरीच्या बाजूला एक खोली आहे, धनराजच्या दोस्ताने, शोएबने बघून ठेवलीय. घरमालकाला सोमवारी हो-नाही सांगायचंय.

'बघू,' म्हटलं.

'तुझं बघू म्हणजे नाही असतं.'

'मग विचारतोस कशाला?'

नंतर हौद्यात दोघं दोन बाजूंना. मधोमध करवंदं. त्याने अर्धा द्रोण संपवला. पोट बिघडलेल्या माणसाने! आणि रात्री पुन्हा भात.

१४ मे, गुरुवार

भावली धरण. घोटीच्या पुढे उतरलो आणि एकदम डोंगर अंगावर आले. खाली पाणी, हिरवं नाही, निळं नाही, पितळेच्या जुन्या परातीसारखं. छान होतं. छान होतं असं लिहून सोडून द्यावं आज, असं वाटतंय.

नाही. लिहिते.

धनराज खाली पाण्यापाशी काच पुसत होता. आत्याचा फोन आला.

'साक्षे, कुठं हायेस?'

म्हटलं, फिरतोय, रविवारी येतोय.

'रविवारी काय करशील येऊन? वरच्या धरणाचं पाणी सोडत्यात उद्याच्याला. खालच्या गावांना प्यायला नाय, म्हणून आधीच सोडत्यात. शनिवारी उजाडता जोतं पाण्याखाली. तू उद्याच ये. जावयाला घेऊन ये. ऐकलं का? बारकूदादानं, तुझ्या बापानं, तांदूळ निवडून ठिवलाय. उद्या चूल पेटवतोय त्यो.'

हो आत्या, म्हटलं.

'नक्की?'

'हो गं.'

फोन ठेवला. धनराज वर आला, हात फडक्याला पुसत. 'कोण?'

'कंपनीचा. रिचार्ज संपतोय.'

हे माझ्या तोंडून निघालं. मी आधी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं ठरवलं! पण निघाल्यावर परत आत घेतलंही नाही.

मग मी म्हटलं, आपण भंडारदऱ्याला जाऊ. इथून जवळ आहे. उद्याचा पूर्ण दिवस तिथेच राहू.

'चालेल,' म्हणाला. लगेच! रोज हुज्जत घालणारा माणूस, आजच कसा काय लगेच चालेल म्हणतो?

पाणी येणारच आहे. मी सोडलेलं नाही. जोतं बुडणारच. पुढचं वर्ष आहेच की. आणि आबा म्हणतात ते खरंच करतात असंही काही नाही. (करतात.)

भात खाल्ला की दिली. दिली म्हणजे संपलं. एका जागी ठेवून दिल्यासारखं. मी आजवर काय पूर्ण केलंय? हे तेवढं कसं पूर्ण करू? अर्धं असतं तोवर निघून जाता येतं. धनराजला सोडून जायचंय असं नाही. मुळीच नाही. पण जाता येतं हे माहीत असलं की राहता येतं मला. हे कुणाला सांगितलं तर कळेल?

पाण्यानेच ठरवू दे.

१५ मे, शुक्रवार, सकाळी

आत्याचे फोन. उचलले नाहीत. आता फोनच बंद केलाय.

शुक्रवार, संध्याकाळी

भंडारदऱ्याला आज मी खूप बोलले. सतत. हे बघ, ते बघ, ती होडी बघ, तो कुत्रा बघ कसा पाण्यात उभा राहून सावली खातोय. बोलायचं थांबले की आबा दिसायचे. चूल पेटवली असेल. आता भात चढवला असेल. आता उतरवला असेल. आता हात डोळ्यांवर धरून चढाकडे बघत असतील. आमच्याकडे भात निवला तर पुन्हा गरम करत नाहीत. दुसरा करतात.

दुपारी धनराज बाजारात गेला आणि एक गांधीटोपी घेऊन आला. 'आबांना बसेल का?' माझ्याच डोक्यावर ठेवून बघितली. 'तुझं डोकं त्यांच्यासारखं आहे म्हणतात ना.' मी टोपी काढून बाजूला ठेवली. त्याला वाटलं केस विस्कटले म्हणून चिडले.

ज्यांच्याकडे उतरलोय त्या मावशी इथे शेंडी गावातच खानावळ चालवतात. चार वाजता जेवण उरलंय का विचारायला मी मागच्या अंगणात गेले तर गाडीच्या पलीकडे धनराज उकिडवा बसलेला. पुढे ताट. ताटात भाताचा डोंगर, त्यावर आमटी. आणि तो एकटाच खात होता. खात होता म्हणजे काय — घास उचलायचा, निम्मा मनगटावरून कोपरापर्यंत जायचा, तो चाटायचा, पुन्हा पहिल्यापासून. तोंडाने पुटपुटत, 'बोटानं. तळव्याले लागाले नको.'

'काय करतोयस?'

दचकला. ताट लपवायला गेला, पण ताट लपतं का?

'मावशींनी शिकवलं,' म्हणाला. 'तळव्याला लागू द्यायचा नाही म्हणतात.'

'पोट बिघडलंय ना तुझं?'

'नाही बिघडलं.' मग माझ्याकडे न बघता — 'तुझे आबा समोर बसणार. आम्ही भाकरीवाले. मला भात धड खाता येत नाही. सांडला तर म्हणतील, पोरीने काय शोधून आणलंय. म्हणून मंगळवारपासून...'  कोपरावरचं एक शीत काढून खाल्लं.

आत्ता सांगायला पाहिजे होतं. त्याच क्षणी.

मी त्याचं ताट उचललं आणि घासायला गेले.

१६ मे, शनिवार

सांगितलं.

गाडीत बसलो होतो, त्याने चावी फिरवली आणि म्हणाला, आज आरामात हरसूलपर्यंत जाऊ, उद्या सकाळी सकाळी आबांकडे. नवा शर्ट घातला होता. उद्याचा आजच! बघायचं होतं म्हणे, बसल्यावर पोटावर ताणतो का.

म्हटलं, जोतं बुडालं.

'काय?'

सगळं सांगितलं. गुरुवारचा फोन, रिचार्ज, आत्या. एका दमात. त्याने गाडी बंद केली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मी पण ओरडले असते, आणि मग ते नेहमीचं भांडण झालं असतं, मला येतं ते.

'तू माले सांगं नही,' एवढंच म्हणाला. हळू. स्वतःशीच.

मग बराच वेळ स्टिअरिंगवरचं प्लॅस्टिक सोलत बसला.

'तुला मी नको आहे का?'

'तसं नाही.'

'मग कसं आहे?'

मला सांगता येईना. इथे वहीत येतं, तोंडाने येत नाही. म्हटलं, मला भीती वाटते. 'कशाची, भाताची?' म्हणाला. आणि मला हसू आलं, अशा वेळी! त्याला आलं नाही. त्याने गाडी चालू केली.

'बुडालं तर बुडालं. मी जाऊन त्यांना तोंड दाखवणार. तुला यायचं नसेल तर घोटीला उतर. तिथून नाशिकची बस मिळते.'

घोटी आलं. त्याने गाडी कडेला घेतली. खरंच घेतली. इंजिन चालू. माझ्या बाजूला बस उभी होती, दार उघडं, कंडक्टर नाशिक नाशिक ओरडतोय. धनराज समोर बघत होता.

मी उतरले नाही. पण उतरणार नाही असंही म्हणाले नाही. थोड्या वेळाने त्याने गियर टाकला.

शनिवार, हरसूल

डिझेल भरतोय तोवर लिहिते.  रस्त्यात मोहाच्या झाडाखाली बायका टोळ, म्हणजे मोहाच्या बिया, वेचत होत्या, एकीच्या डोक्यावर माकडाचं पिल्लू बसलेलं! थांबव म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

फोन चालू केला. आत्याचा शेवटचा मेसेज, आवाजातला. काल संध्याकाळचा. नुसतं, 'साक्षे.' मागे वाऱ्याचा आवाज. बाकी काही नाही.

१७ मे, रविवार

काल दुपारी तीनला पोचलो. गावठाणाच्या वळणावरून खाली बघितलं. पाणी. सपाट, गढूळ, उन्हात चमकणारं. जोतं नाही. कुणाचंच नाही.

आत्या ओट्यावरच होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

'आलीस? कशाला आलीस? काल दिवसभर त्यो उन्हात बसला. दोनदा भात केला. निवला तसा वतून दिला माशांना. मी म्हनलं ऊठ रं दादा, नाय येत ती. तर म्हणला, वाटंत कायतरी बघत उभी ऱ्हायली आसंल.'

मला बसावंसं वाटलं, पण बसले नाही.

'आबा कुठे आहेत?'

आत्याने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.

धनराज माझ्याआधी उतरायला लागला. नवा शर्ट, हातात टोपीची पिशवी. खाली काठावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, आबा बसले होते. कमरेपर्यंत वाळलेल्या चिखलाने भरलेले. पुढे तीन दगड. काळे, खालून शेवाळलेले. मधे जाळ. वर भाताचं भगुणं.

मला कळायला वेळ लागला. माझ्या जन्माआधीपासून हलली नव्हती ती चूल. पाणी चढताना पहाटे आबा एकटे आत शिरले होते आणि एकेक दगड छातीशी धरून वर आणला होता. हे आत्याने नंतर सांगितलं. सांगताना रडत होती आणि शिव्याही देत होती मला. 'तुझ्यापायी घर मोडलं त्यानं. सोताच्या हातानं.'

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. धनराजकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, शर्टावर जरा जास्त.

'बसा, पाव्हणं.'

अहो-जाहो! धनराज लगेच मांडी घालून बसला. त्याने टोपी पुढे केली. आबांनी घेतली, मांडीखाली ठेवली, घातली नाही. पळसाच्या पानावर भात वाढला, वर उडदाची आमटी. आणि समोर बसले. हात गुडघ्यांवर. बघत.

मी तिथेच उभी. कुणी बस म्हणालं नाही.

धनराजने पहिला घास उचलला.  मंगळवारपासूनचा सराव सगळा गेला! आमटी मनगटावर, मग कोपरापर्यंत, मग नव्या शर्टावर. तो थांबला. वर बघायचं धाडस होईना त्याला. मला वाटलं आता संपलं. आता आबा उठणार आणि चढून जाणार.

'भात हाय त्यो,' आबा म्हणाले. 'भाकर नाय. मोडू नका, गोळा करा.'

धनराजने गोळा केला. खाल्ला. मग दुसरा. आबा बघत होते, जोवर पान स्वच्छ होत नाही तोवर. मग म्हणाले, 'आजून घ्या.' त्याने घेतला. त्या माणसाने तीनदा भात घेतला!

मग आबांनी एक पान उचललं, त्यावर भात घातला आणि माझ्या बाजूला, हात लांब करून, दगडावर ठेवलं. माझ्याकडे न बघताच.

'मीठ बघ.'

दिवाळीनंतर माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. बरोबर होतं मीठ. मी सांगितलं बरोबर आहे. त्यांनी मान हलवली, पाण्याकडे बघत.

आज दिवसभर ते धनराजशी कांद्याबद्दल बोलले. चाळीत किती दिवस टिकतो, कोंब कधी फुटतात. माझ्याशी नाही. मी विचारलं, आबा, दगड परत खाली कधी नेणार? पाणी उतरल्यावर?

 उत्तर आत्याने दिलं. 'एकदा हलली ती परत जागंवर जात नस्ती.'

१८ मे, सोमवार

मी उठायच्या आधीच आबांनी तिन्ही दगड कांद्याच्या गोण्यांत गुंडाळून हौद्यात ठेवलेत, आमच्या कपड्यांच्या मधोमध. टोपी घातलीय. धनराजच्या खिडकीपाशी उभे आहेत. म्हणाले, 'पुढल्या उन्हाळ्यात मी येतो भात खायला. पत्ता सांगा.'

गाडी चालू आहे. ओझरच्या खोलीचं हो-नाही आजच सांगायचंय. धनराज माझ्याकडे बघतोय.